आबांच्या बॉनेटवरचं मेण

आठ वर्षं मी धुळ्याचा जावई होतो आणि त्या आठ वर्षांत तिथे मला कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता. गेल्या गेल्या खुर्ची मांडली जायची, पंखा माझ्याकडे वळवला जायचा. आबा, म्हणजे माझे सासरे, समोर बसून विचारायचे, "रस्ता बरा व्हता ना?" मी म्हणायचो, "बरा होता." मग आम्ही दोघंही पंख्याकडे बघत बसायचो. त्यांचा मुलगा पुण्याहून आला की मात्र आबा त्याला दारातच झापायचे. केस का वाढवले, चप्पल कुठे काढली, टायरमधली हवा शेवटची कधी बघितली. मला माझ्या त्या मेहुण्याचा हेवा वाटायचा. कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, पण खरी होती.

म्हणून एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी ठरवलं की या घरात काहीतरी कामाला यायचंच, आणि काम निवडलं ते आबांच्या गाडीचं.

आबांनी सारी नोकरी साहेबांची जीप चालवण्यात काढली. निवृत्त झाल्यावर आलेल्या पैशातून त्यांनी एक पांढरी गाडी घेतली. गाडी फारशी कुठे जायची नाही. दर रविवारी तिला धुऊन, गोल डबीतलं मेण चोळून, मऊ फडक्याने पुसून पुन्हा जागेवर लावायची, एवढंच तिचं काम. इकडे मी जळगावला व्हिडिओ बघून बघून माझ्या गाडीला स्वतःच्या हाताने सिरॅमिक कोटिंग केलं होतं, आणि अर्धवट शहाण्या माणसाला येतो तेवढा सगळा आत्मविश्वास मला आला होता. एकदा कोटिंग केलं की तीन वर्षं मेण लावायची कटकट नाही. सासऱ्यांना यापेक्षा चांगली भेट कुठली?

पोचल्या दिवशी जेवताना मी हे जाहीर केलं. आबांचा घास हातातच राहिला.

"तुम्ही कसाले तरास लेतस?" ते म्हणाले.

मी समजलो, संकोच आहे. बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी समजलो, चुकून लागला.

नवं कोटिंग जुन्या मेणावर धरत नाही, त्यामुळे आधी सगळं मेण उतरवावं लागतं. ते उतरलं की नाही हे पाणी सांगतं. पत्र्यावर पाणी टाकल्यावर टपोरे थेंब उभे राहिले तर मेण आहे, आणि पाणी सपाट पसरून ओघळलं तर रंग उघडा झाला. ही सगळी माहिती मी आबांना सविस्तर दिली. त्यांनी ती एखाद्या दुखवट्याच्या घरी बसल्यासारखी ऐकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं यायच्या आत मी कामाला लागलो. सासूबाईंच्या भांड्यांच्या साबणाची अख्खी बाटली ओतून गाडी धुतली. मग गाडीचा पत्रा साफ करायची ती खास मऊ माती असते, तिची वडी पत्रा ओला ठेवून फिरवली, आणि शेवटी स्पिरिटने सगळं पुसून काढलं. आबा ओट्यावर पेपर घेऊन बसले होते. दोन तासांत त्यांनी पान उलटलं नाही. दहा वाजता मी बॉनेटवर तांब्याभर पाणी ओतलं आणि ते झकास सपाट पसरलं. मी विजयी नजरेने आबांकडे पाहिलं. त्यांनी पेपर वर केला.

दुपारी जेवायला आमरस आणि खापरावरचे मांडे. सासूबाई रस वाढायला लागल्या की थांबत नाहीत हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी त्यांनी कहरच केला. तिसरी वाटी मी हाताने झाकली तर बोटांच्या फटीतून ओतली. मग मी जो आडवा झालो तो पाच वाजता उठलो. चहा घेऊन अंगणात आलो, सहज म्हणून बॉनेटवर पाणी टाकलं आणि बघतो तर काय, टपोरे थेंब.

पुढच्या सकाळी मी पुन्हा सगळं केलं. या वेळी स्पिरिट दुप्पट. दोन्ही खांदे भरून आले, पण पाणी सपाट झालं. दुपारी पुन्हा रस, पुन्हा मांडे, पुन्हा झोप. संध्याकाळी पुन्हा थेंब, आणि आदल्या दिवसापेक्षा जास्त टपोरे.

आता मी चक्रावलो. गाड्या धुण्याचा धंदा असलेल्या जळगावच्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, "असं होतच नाही. तू उन्हात टोपी घालतोस ना?" मी चिडून फोन ठेवला आणि स्वतःच एक सिद्धांत मांडला. इतक्या वर्षांचं मेण रंगाच्या आत मुरलं आहे, आणि दुपारच्या उष्णतेने ते वितळून वर येतं. हा सिद्धांत मी आबांना समजावून सांगितला. त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

"व्हई जास तसं," ते म्हणाले. "औंदा ऊन भलतंच शे."

माझ्या बायकोला तेव्हा ठसका लागला आणि ती उठून आत गेली.

त्याच्या पुढच्या दिवशी मी हट्टाने तिसऱ्यांदा मेण काढलं. दुपारी रसाच्या चार वाट्या झाल्या. पण अडीचच्या सुमारास वीज गेली, पंखा थांबला आणि मी घामाने जागा झालो. घरात कुणीच नव्हतं. बाहेरून मात्र कुजबुज ऐकू येत होती.

मी दाराशी गेलो. भिंतीच्या सावलीत आबा बनियनवर, वाकून, बॉनेटला मेण लावत होते. मागच्या दाराला माझी स्वतःची बायको मेण लावत होती. सासूबाईंना पायरीवर पहाऱ्याला बसवलेलं होतं, पण नेमक्या त्याच वेळी त्या तोंड फिरवून शेजारणीशी बोलत होत्या. रसाच्या चार वाट्यांमागचं कारण मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

मला राग आला. विनोद वगैरे काही सुचला नाही. तीन दिवस मी खांदे मोडून घेतले होते आणि अख्खं घर मूग गिळून बसलं होतं.

"सांगायचं तरी होतं," मी म्हणालो.

बायको म्हणाली, "पहिल्या दिवशी तुझ्या पायावर पाय दिला होता."

"आबांनी सांगायचं होतं."

आबा फडक्याची घडी घालत राहिले. "जवाईले नही म्हनता येस का?" ते म्हणाले. मग बॉनेटकडे बघत हळूच म्हणाले, "जिंदगीभर साहेबनी गाडी पुशी. हाई मन्ही शे. तुम्ही म्हंतस, तीन वरीस हात लावानं काम नही. मंग मी ऐतवारले काय करू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी लाज आली. मी खाली बसलो, एक फडकं उचललं, डबीत बोटं घातली आणि पुढच्या दाराला मेण चोळायला लागलो. आबा बघत होते. एकदा त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. मला वाटतं, आठ वर्षांचा धीर तिथे संपला.

"अरे, काय करी ऱ्हायना तू? गाडी पुसस का भाकर थापस? बठ्ठं मेन एकच जागावर फासी टाकं. हात हलका ठेव, हलका. इतला शिकेल मानूस, आन फडकं धरता येत नही. जाय, बादली भरी लई ये."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अवो, जवाईले पानी भराले लावतस का?"

"काब्र? त्याना हातले काय मेंदी लायेल शे का?"

मी बादली घेऊन हौदाकडे निघालो. मला इतका आनंद झाला होता की तो चेहऱ्यावर दिसेल अशी भीती वाटली, म्हणून बादली भरायला मी जरा जास्तच वेळ लावला. त्याबद्दलही बोलणी खाल्ली. संध्याकाळपर्यंत मला एकंदर चार कामं सांगण्यात आली, आणि माझ्या चपला दारात वाकड्या पडतात हे मला पहिल्यांदाच कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही जळगावला निघालो. दर वेळी निघताना कुंकू लावून हातात शर्टपीस ठेवतात. असे आठ-दहा शर्टपीस न शिवलेले माझ्या कपाटात पडून आहेत. त्या दिवशी सासूबाई नवा शर्टपीस घेऊन आल्या, तर आबांनी त्यांना थांबवलं आणि आतून एक घडी आणून माझ्या हातात दिली. सासूबाईंच्या जुन्या सुती पातळाचा तुकडा होता, धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झालेला. त्याला मेणाचा वास येत होता.

"अवो, जवाईले चिंधी देतस?" सासूबाई रडकुंडीला आल्या.

आबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते माझ्या गाडीच्या बॉनेटवरून बोट फिरवून बोटाकडे बघत होते आणि तोंड वाकडं करत होते.

माझ्या गाडीला अजूनही कोटिंग आहे. तिला पुसायची खरं तर फारशी गरज नसते. पण रविवारी सकाळी आठ वाजता धुळ्याहून फोन येतो, "पुशी का गाडी?" आणि मी अजून अंथरुणात आहे हे माझ्या आवाजावरून त्यांना कळतं, मग ते झापतात. मी फोन कानाशी धरून सगळं ऐकून घेतो आणि फडकं घेऊन खाली उतरतो.