न साठवलेली भरती

भावाला जाऊन तेरा दिवस झाले, तरी त्याच्या खोलीतला संगणक चालूच होता.

दादा बंदरासाठी भरती-ओहोटीची कोष्टकं करायचा. संगणकाला एक ओळ लिहायची, खाली लगेच उत्तर. पटलं नाही तर दुसरी ओळ. फाइलीत साठवायचा त्याला भारी कंटाळा. सगळं पडद्यावरच्या त्या एका खिडकीत, आणि खिडकी मिटली की सगळी मेहनत पाण्यात.

धाकटी बहीण कॉलेजात गणित शिकवायची. तिला हे ठाऊक होतं. पुढच्या वर्षीच्या कोष्टकासाठी बंदराच्या कारकुनाचे दोन निरोप येऊन गेले होते. पण वहिनी कुणाला हात लावू देईना.

"चालू आहे तोवर वाटतं, चहाला उठलेत."

"बंद नाही करत, वहिनी. नुसतं उतरवून घेते."

तिनं संगणकाला कोष्टक फाइलीत लिहायला लावलं. उघडून पाहते तर फाइल कोरी. मग आठवलं, लिहिलेलं आधी संगणकाच्या स्मृतीतच साठून राहतं. फाइल बंद केल्यावर तिच्यात उतरतं. तिनं फाइल बंद केली, पुन्हा उघडली. तीनशे पासष्ट दिवस जागेवर होते.

मग दादानं आणखी काय ठेवलंय ते पाहिलं. त्यानं कोष्टकांना दिलेल्या नावांच्या यादीत एक नाव होतं, 'छोटू'. तिचा भाचा, दादा-वहिनींचा मुलगा. आठ वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला तो परतला नव्हता.

तिनं ते नाव टाइप केलं. त्या सकाळपासूनची प्रत्येक भरती पडद्यावर धावू लागली. आजचा दिवस गेला, पुढचं वर्ष गेलं, शतक उलटलं, तरी आकडे थांबेनात. तिनं घाईनं ते तोडलं.

वहिनी मागेच उभी होती. "समुद्र नेलेलं भरतीला परत आणतो, ते म्हणायचे," ती हळूच म्हणाली. "कुठपर्यंत मोजलंय?"

"अंतच नाही. मागू तितकं देतं. पण फाइलीला कुठंतरी थांबवावं लागेल."

वहिनीनं पडद्यावरच्या तारखांवरून बोट फिरवलं.

"ते गेले त्या दिवसापर्यंत घ्या, वन्सं. पुढचं मी बघते."

तिनं तेवढं साठवलं, शेवटची ओळ दोनदा तपासली. संगणक वहिनीनंच बंद केला. खोलीतली घरघर थांबली, तसं दोघींनी एकमेकींकडे बघणं टाळलं.

कोष्टक बंदरात लागलं. कारकून सांगतो, वहिनी रोज भरतीला धक्क्यावर येतात. कुणाशी बोलत नाहीत. पाणी उतरायला लागलं की घरी जातात.