आईसाठी घेतलेली मोटार

आमच्या दादांनी आयुष्यात एकच उधळपट्टी केली, ती म्हणजे ती मोटार. दादा म्हणजे माझे वडील. सगळी भावंडं त्यांना दादाच म्हणायचो. शहापूरच्या एका कचेरीत ते जीप चालवायचे. निवृत्त झाले आणि कुठलीशी जुनी डिझेल व्हॅन लिलावात घेऊन आले, ती थेट वैशाखऱ्याजवळच्या आमच्या अंगणात उभी केली. मागच्या सीटा उपटून आत फळ्यांचा पलंग ठोकला, वर कापसाची गादी घातली. खिडक्यांना आईच्या जुन्या लुगड्याचे पडदे, कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह. लोक विचारायचे, "काय रे, घर पुरत नाय का?" ते नुसते हसायचे.

खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईची कंबर गेली होती. एसटीत, गाडीत तासभरसुद्धा बसवत नव्हतं, आडवं व्हावं लागायचं. आणि तिला नागपूरला जायचं होतं. छप्पन साली तिचा बाप, माझा आजा, गावातल्या चार माणसांबरोबर दीक्षाभूमीला गेला, तेव्हा ती एवढीशी पोर. मला पण ने म्हणून तिने धुळीत लोळण घेतली होती. आजा म्हणाला होता, पुढल्या वेळी तुला नेईन. ती पुढली वेळ आलीच नाही. आधी आजा गेला, मग तिचं लग्न, मग आमची बाळंतपणं, आणि मग ही कंबर. दादांनी तिला शब्द दिला होता, औंदाच्या दसऱ्याला झोपवून नेतो.

मी आटगावला दिलेली. मीही बरोबर जायचं ठरलं, म्हणून रजा टाकून आधीच माहेरी आले. बघते तर काय, गाडी आजारी. पावसाळाभर उभी होती. आता चालू केली तरी ओढच नाही, अंगणाचा चढसुद्धा चढेना, आणि धूर मागून निघायचा सोडून पुढे दादांच्या सीटखालून आत यायचा. आईला पलंगावर निजवून बघितलं तर खोकून खोकून बेजार. ती उतरली आणि म्हणाली, "असा धूर खात मी नागपूरला नाय यायची. तुमी दोघं जा." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. मला असला राग आला दादांवर! चार महिने गाडी उभी होती, तेव्हा बघता येत नव्हतं?

मुरबाडहून मिस्त्री आला. दादांचा जुना दोस्त, आत्मविश्वास उतू जाणारा. गाडीखाली शिरला, बाहेर आला आणि म्हणाला, "सायलेन्सरचा पाइप सडलाय. सीटखाली भोक पडलंय. बाकी इंजन घोडा आहे." पुढचा पाइप सोडवून मोटरसायकलवर आडवा बांधून मुरबाडला नेला, वेल्डिंग मारून आणला, बसवला. दादांनी चावी फिरवली. दोन गचके दिले आणि इंजिन गप्प. पुन्हा फिरवली. एकच गचका.

आधी धूर तरी काढत होती, दुरुस्त केल्यावर अगदीच मेली! मी मिस्त्रीला म्हटलं, "काका, घोड्याला काय झालं?" तो म्हणाला, "ताई, तुमी जरा चहा टाका." टाकला. काय करणार?

मग अंगणात ताडपत्री अंथरून इंजिनाचं डोकं उघडलं. मिस्त्री म्हणे व्हॉल्व्ह, दादा म्हणत डिझेलचा पंप. काजळी खरवडली, व्हॉल्व्ह घासले, सगळं परत बसवलं. गचका, आणि गप्प. दोघे म्हातारे एकमेकांशी बोलेनासे झाले. दसरा परवावर आला होता. दादा पायरीवर काळेकुट्ट हात मांडीवर टाकून बसले आणि मला म्हणाले, "तिला काय तोंड दाखवू गो?" तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आई आतून काठी टेकत आली. इतके दिवस तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि तिनेही रुसून विचारलं नव्हतं. गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली, वाकता येत नव्हतं तरी मान वाकडी करून बघितलं.

"बोळा कुठं काढलाय?"

"कसला बोळा?" दादा म्हणाले.

"गेल्या साली उंदीर शिरला नव्हता धुराच्या नळीत? पावसाच्या आदी मी खाली बसून बोळा मारलाय. कणगीला मारतो तसा. चिंध्या कोंबल्या, वर शेणमाती."

आमच्याकडे भाताच्या कणगीचं खालचं भोक असंच बंद करतात, आणि भात काढायचं तर आधी बोळा काढायचा, हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. तिच्या हिशेबी ते सांगायचं कामच नव्हतं. दादांना मागे दिसला तो नुसता वाळलेला चिखल, आणि पावसाळ्यात उभ्या गाडीला चिखल असणारच. त्या सडक्या भोकातून गाडी बिचारी कसाबसा श्वास घेत होती. मिस्त्रीने तेही बुजवलं.

दादांनी सळई घालून बोळा उकरून काढला. चावी फिरवली. गाडीने काजळीचा एक लोट टाकला, कोंबड्या पळाल्या, आणि इंजिन लागलं ते लागलंच. मी हसून हसून ओट्यावर बसले. मिस्त्री तेवढ्यात म्हणाला, "डोकं तसंपण उघडायचंच होतं." दादांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. दोस्ती परत जमली.

दुसऱ्याच दिवशी पहाटे निघालो. माळशेज चढताना आई पलंगावर आडवी, पडदा सारून बाहेर बघत होती. धुराचा वाससुद्धा नव्हता.

नागपुरात गाडी लांबच लावावी लागली. गर्दी अफाट. आई दादांच्या खांद्यावर हात ठेवून टेकत टेकत चालली, थांबत, पुन्हा चालत. स्तूपासमोर पोचल्यावर तिने हात जोडले. वाटलं वंदना म्हणेल. ती आपल्या बापाशी बोलायला लागली, शेजारी उभ्या माणसाशी बोलावं तशी. "बा, पुढल्या वेळी नेईन म्हनला होता ना. आली बघ मी. यांनी आनली."

दादांनी हाताने डोळे पुसले. नखांतलं, रेघांतलं इंजिनचं काळं तेल अजून गेलं नव्हतं, वाटेत पुन्हा इंजिनात हात घातलाच होता. गालभर पट्टा उठला. आईने पांढऱ्या लुगड्याचा पदर काढला आणि तिथेच, एवढ्या माणसांत, त्यांचं तोंड पुसायला लागली.

"हात तरी धुवून यायचं," ती म्हणाली.