खंडेनवमीचे चार प्लग

आमच्या घरात शस्त्र म्हणावं असं काहीच नाही. विळी आहे, पण ती बायकोच्या ताब्यात असते.

तरी खंडेनवमीला आईला पूजेसाठी हत्यारं लागतातच. गेल्या वर्षी नेमकं त्याच सकाळी मी आमच्या जुन्या गाडीचे चारही स्पार्क प्लग काढून, घासूनपुसून देवघराशेजारी वाळत ठेवले होते. (गाडीचं सगळं मी घरीच करतो, असं सासुरवाडीत मोठ्या तोंडानं सांगून बसलो होतो ना!) अंघोळ करून येतो तर काय, प्लग पाटावर, हळदकुंकू लावून, झेंडूच्या फुलांत!

"आई, ते गाडीत बसवायचेत!"

"आता नाय. मांडलेली हत्यारं उद्या उत्तरपूजा होईस्तोवर हलवायची नसतात."

"अहो, उद्या फुलंब्रीला माझ्या भावाचा साखरपुडा हाय!" बायको कडाडली. "नवरीची अंगठी माझ्यापाशी हाय!"

"मग काय झालं? प्लग बसवायला कितीसा वेळ लागतो!" मी म्हणालो. तेव्हा माझी जीभ कुणीतरी धरायला हवी होती.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली. कुंकू पुसून मी प्लग बसवले, वर लोंबणाऱ्या चार वायरींकडे पाहिलं आणि डोकं खाजवत बसलो. कोणती वायर कोणत्या प्लगची, हे ठरलेलं असतं. मी तर चारही एकदम उपटल्या होत्या, आणि खूण एकीवरही केली नव्हती!

"शेवटी एकाच इंजिनात जातात की!" असं म्हणत मी जमतील तशा लावल्या आणि किल्ली फिरवली. फाट्ट!

"दिवाळीला टाइम हाय अजून!" शेजारचे काका गॅलरीतून ओरडले.

वायरी बदलल्या. फाट्ट, फाट्ट! पैठणी नेसून मागं बसलेली बायको देवाचं नाव घेऊ लागली. पुन्हा बदलल्या. या खेपेला गाडी खोकली, थरथरली, उचक्या देत फाटकापर्यंत गेली आणि बरोब्बर फाटकातच बंद पडली.

"माझ्या कुंकवाचा गुण! हलली तरी," आई म्हणाली.

बायको उतरली आणि पैठणी सावरत गाडी अन् फाटकामधल्या फटीतून बाहेर पडली. "ऱ्हाऊ द्या. मी काळीपिवळी जीपनं जाते."

दुपारी तिचा फोन आला. "येळेवर पोचले. समद्यांनी तुमचं इचारलं."

"काय सांगितलंस?"

"लई ताप भरलाय म्हटलं. गाडीचं कोणत्या तोंडानं सांगू?"

लाज मलाही वाटत होती. गाडी मागं ढकलायला माणसं बोलवावीत तर गल्लीभर बोभाटा होईल, म्हणून ती तिथंच ठेवली. (ती गल्लीभर दिसत होती, ते सोडा!) संध्याकाळी सोनं द्यायला येणारा प्रत्येक जण अंग चोरून आत येत होता. काकांनी आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली.

"काय मग, झालं का सीमोल्लंघन?"

"निम्मं झालं, काका. पुढची चाकं रस्त्यावर आहेत, मागची अजून घरात!"