पदकावर चढवलेलं सोन्याचं पाणी

मी डूख धरणारी बाई आहे. चारचौघांत हे कोणी कबूल करत नाही, पण मला त्यात लाजण्यासारखं काही वाटत नाही. ज्याने माझ्या वडिलांचं पदक ढापलं, त्याची ज्या दिवशी जिरली तो दिवस आठवला की मला अजून जेवण गोड लागतं.

माझे वडील फौजेत होते. धरणगावजवळच्या आमच्या गावातून त्या काळी गेलेले ते एकटेच. लढाईवरून येताना ते एक पदक घेऊन आले. पट्टेदार फितीला लटकणारं, राखाडी, रुपयापेक्षा चांगलं मोठं. त्याच्या कडेवर, नाण्याला दाते असतात त्या जागी, त्यांचा फौजेतला नंबर आणि नाव बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेलं होतं. लहानपणी मी त्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे. अक्षरं वाचता येत नव्हती, पण नखाला लागायची. एका दिवाळीत आईने तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासायला काढली आणि त्यांच्यात पदकही टाकलं. वडील कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला.

"घासू नको वं, नाव झिजी जाई!"

पुढे आई गेली, मग वडील गेले. मी एकुलती एक, तीही धुळ्यात दिलेली. तेराव्याचे पाहुणे पांगले तेव्हा पदक घ्यायला वळले, तर भिंतीवरची खुंटी रिकामी. गावच्या घरात माझा थोरला चुलतभाऊ राहतो. तो शांतपणे म्हणाला, "घराणानी वस्तू शे बाई, घराणामाच राही." म्हणजे मी घराण्याची नव्हेच.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते. तिला रिकाम्या हाताने परत पाठवलं तर गाव तोंडात शेण घालतं. मी दर आखाजीला लेकींसाठी बांधलेल्या झोक्याकडे न बघता आधी भावासमोर जाऊन बसायचे. "भाऊ, साडी नको. पदक दे." तो दर आखाजीला साडीच द्यायचा. चांगली भारी द्यायचा, कोणी बोट ठेवू नये म्हणून. त्या साड्यांनी मी धुळ्यात फरशी पुसली, आणि ते त्याच्या कानावर जाईल याचीही तजवीज केली.

एका सव्वीस जानेवारीला मी मुद्दाम गावी गेले. शाळेच्या पटांगणात भाऊ पहिल्या रांगेत, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, छातीवर पदक. पदक पिवळंधमक! मला आधी वाटलं, ऊन पडलंय त्याच्यावर. झेंडावंदन झाल्यावर जवळ गेले, तर म्हणाला, "काळं पडेल व्हतं. जळगावले नेईसन सोनानं पानी चढाई लिधं." आमच्या भागात जळगावचं सोनं म्हणजे शेवटचा शब्द. वस्तू पिवळी झाल्याशिवाय तिला कोणी वस्तू मानत नाही. तेवढ्यात माइकवरून त्याचा सत्कार पुकारला गेला, "सैनिकाचे सुपुत्र" म्हणून. आणि हा मान डोलावत पुढे गेला. माझे काका, म्हणजे याचे वडील, जन्मभर जिनिंग मिलमध्ये कापूस तोलायच्या काट्यावर बसले. भला माणूस. असते तर त्यांनीच याच्या थोबाडीत दिली असती.

त्या दिवसापासून मी धुळ्यात एका दुकानाची पायरी चढू लागले. जुनी नाणी, बिल्ले, पदकं विकणारं दुकान. मालक वयस्कर मुसलमान गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मला पदकं जमवायची नव्हती, माझ्या भावाला कुठे मारलं म्हणजे लागेल ते शिकायचं होतं. चाचांना मी सरळ विचारलं, पदकावर सोन्याचं पाणी चढवलं तर किंमत वाढते का?

"उलट पडते, ताई," ते म्हणाले. "गिऱ्हाईक पैसे देतं ते पदकाच्या अंगावरच्या वर्षांना. पाणी चढवलं की वर्षं झाकली गेली. मग खरं कुठलं आणि कालपरवा बनवलेलं कुठलं, ओळखायचं कसं? शिवाय पाणी चढवायच्या आधी पॉलिशवाला ते चाकावर घासतो. पाणी उतरवता येतं, घासलेलं परत येत नाही."

"मग काहीच उरत नाही?"

"कडेवरचं नाव शाबूत असेल तर थोडं उरतं. कोणाच्या छातीवर होतं ते कळतं ना."

हे सगळं मी गाठीला बांधून ठेवलं आणि वाट पाहत बसले. मला वाट पाहता येते.

मग एक दिवस भावाचा फोन आला. त्याने मोबाईलवर कुठेतरी पाहिलं होतं की जुन्या पदकांना मोठा भाव येतो. घराण्याची वस्तू घराण्यातून बाहेर पडायला निघाली होती. "बाई, धुयामा कोनी वळखनं शे का तुना?" मी तेव्हाच सांगू शकले असते की बाबा, तू स्वतःच्या हाताने वाटोळं करून बसलायस. नाही सांगितलं. म्हटलं, "रविवारी ये, भाऊ." रविवारी चाचांच्या दुकानात नाणी जमवणारे चारपाच जण बाकड्यावर अड्डा टाकून बसलेले असतात. मला साक्षीदार हवे होते. पदक कवडीमोल ठरलं की ते मी त्याच्या हातून काढून घेणार होते.

तो आला. सोनाराकडच्या लाल मखमली डबीतून पदक काढून काउंटरवर ठेवलं आणि माझ्यादेखत म्हणाला, "मना बापनं शे. कितलं येई यानं?"

मी पदक चाचांकडे सरकवलं.

चाचांनी भिंग लावलं. "पाणी चढवलंय यावर."

"असली सोनानं शे!"

"सोनं असली असेल. पण पदक कोणी असली मानणार नाही." त्यांनी पदक कडेवर उभं धरलं, गोल फिरवलं, पुन्हा फिरवलं. "नाव कुठंय?"

मी ते त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलं. नख फिरवलं. पूर्ण गुळगुळीत. फास मी टाकला होता आणि अडकले मीच.

"पॉलिशवालाले सांगेल व्हतं," भाऊ दाराकडे बघत म्हणाला, "कड बी साफ करी दे."

तेव्हा मला कळलं. नाव चाकाखाली चुकून गेलं नव्हतं. कडेवर माझ्या वडिलांचं नाव असताना याला सैनिकाचा सुपुत्र कसं होता येईल? म्हणून ते घासून काढलं आणि वरून सोनं चढवलं. चोराने तिजोरी फेकून द्यावी आणि कुलूप घरी न्यावं, तसं याने केलं होतं.

"आता हे भंगारात वजनावर जाईल," चाचा म्हणाले. बाकड्यावरचा एक जण हसला. "मळकं ठेवलं असतंत तर मी उभ्या उभ्या घेतलं असतं हो!"

मी म्हटलं, "भाऊ, नाव गेलं तर जाऊ दे. तुझ्या बापाचं आहे ना? मग फौजेतला नंबर तरी सांग."

तो डबीचं झाकण लावू लागला. मी नंबर घडाघडा म्हणून दाखवला, लहानपणी वडिलांनी पाढ्यांबरोबर पाठ करून घेतला होता तसा. मग त्यांचं नाव, आडनावासकट. बाकड्यावरची सगळी माणसं भावाकडे बघत राहिली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने डबी माझ्याकडे ढकलली आणि ओरडला,

"ले माय, तुना बापनं शे! ठेव तूच!"

एवढंच मला त्याच्या तोंडून हवं होतं. चहा यायच्या आत तो रिक्षा करून स्टँडवर निघून गेला.

चाचा पाणी उतरवून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. पदक माझ्या बैठकीत पिवळंच्या पिवळं टांगलेलं आहे. पाहुणे विचारतात, हे असं कसं? मग मी सगळं सांगते, गावासकट आणि नात्यासकट. आखाजीला आता त्याची साडी येत नाही.

पाहुणे गेल्यावर मी पदक खाली काढते आणि कडेवरून नख फिरवते. काही लागत नाही. ज्या दिवशी लागेल, त्या दिवशी करीन भावाला माफ.