बेचाळिसावा फर्मा

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण हात शांत होते. तीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवताना ज्या ज्या दिवशी तिला राग आला, त्या त्या दिवशी तिच्या पानात एकही चूक निघाली नव्हती.

वाचनालयाच्या सभागृहात दर रविवारी सकाळी इंग्रजी शब्दांचा खेळ चाले. पंच होते कॉलेजातून निवृत्त झालेले इंग्रजीचे सर. ते सात अक्षरांचे पुठ्ठे टेबलावर मांडत. दहा मिनिटांत त्यांतून जमतील तेवढे शब्द करायचे. बऱ्याच जणांना सुचलेल्या शब्दाला एक गुण, एकट्यालाच सुचलेल्याला पाच. म्हणून सगळ्यांची धडपड आडवाटेच्या शब्दांसाठी. चार रविवारांत ज्याचे गुण सर्वांत जास्त, तो वाचनालयातर्फे मोठ्या स्पर्धेला जाणार. आज चौथा रविवार. बँकवाले काका पहिले आणि मावशी त्यांच्या तीन गुण मागे.

खरं तर ती कितीतरी पुढे असायला हवी होती.

सातवीत शाळा सुटली आणि सोळाव्या वर्षी ती छापखान्यात उभी राहिली. इंग्रजीची नुसती अक्षरं येत होती. खिळ्यांवर ती उलटी असतात, आणि त्या उलटेपणाशी तिची चांगली गट्टी जमली. पुढे एका जाडजूड इंग्रजी शब्दकोशाचं काम आलं, तेव्हा मालकांनी ते तिच्याच गळ्यात घातलं. म्हणाले, "हिला अर्थ कळत नाही, त्यामुळे ही वाचत बसत नाही." चार वर्षं ती त्या पानांपुढे उभी होती. शब्द डोक्यात नाही, बोटांत जाऊन बसले. छापखाना बंद पडला, ती झेरॉक्सच्या दुकानात उभी राहिली, तरी ते गेले नाहीत.

बहिणीमागे तिनेच वाढवलेल्या भाचीने तिला इथे आणलं होतं. "घरी मला रोज हरवतेस," भाची म्हणाली होती, "जरा त्या शहाण्यांना हरव."

पहिल्याच रविवारी मावशीने खुर्ची बाजूला सारली आणि पुठ्ठे उलटे फिरवून उभ्यानेच खेळायला लागली.

"बाई, सुलटं दिसत नाही वाटतं?" काका हसले.

"दिसतं की. सुलट्यात चुका लपतात."

सरांच्या टेबलावरचा शब्दकोश तिने पाठीवरूनच ओळखला होता. तिचाच. बोलली मात्र नाही. भिंतीवर नियम लावला होता : 'शब्दकोशात असेल तो शब्द ग्राह्य.' तरी सर तिला, एकटीलाच, विचारायचे, "अर्थ?" अर्थ सांगता आला नाही की शब्द खोडायचे. पुस्तक उघडायचेसुद्धा नाहीत. तीन रविवारांत असे अकरा शब्द गेले होते.

आजच्या बाकीच्या शब्दांत दोघांना सारखेच गुण मिळाले; काका अजून तीन गुणांनी पुढेच होते. तिचा एकच शब्द उरला.

"क्यू, यू, ओ, आय, एन," मावशीने वाचलं. दुसऱ्या कुणाकडेच तो नव्हता.

"अर्थ?"

या एका शब्दाचा अर्थ तिला पक्का ठाऊक होता. पण तो तोंडातून काढायची तिची तयारी नव्हती.

"काकांना विचारलात 'कोटा'चा अर्थ?"

"त्यांना ठाऊक असणारच."

"आणि मला नसणारच."

भाचीने तिची बाही ओढली. सरांनी चष्मा सारखा केला आणि पहिल्यांदाच तिच्या शब्दासाठी पुस्तक उघडलं. "बघू या तर. हे बघा, 'क्विझ'. आणि पुढे लगेच 'रेल्वे'. तुमचा शब्द मधे कुठेही नाही. खोडतो."

"थांबा. 'कोटा'ही क्यूचाच. मग मधे तो तरी कुठे आहे?"

सरांचं बोट पानावर थांबलं.

"सर, रेडिओपण गेला," भाची म्हणाली, आणि मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं.

मावशीने पुस्तक ओढून घेतलं. सोळा सोळा पानांचे फर्मे. प्रत्येकाच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा. एक्केचाळीसनंतर त्रेचाळीस. तिला बांधणीवाला आठवला. शंभरेक प्रती शिवून झाल्यावर त्याच्यापाशी बेचाळिसाव्या फर्म्याचा ढीग तसाच उरला होता. तिने ओरडून सांगितलं होतं, सगळं उसवा. तो म्हणाला, "तू तुझे खिळे बघ." आणि उरलेला फर्मा त्याने प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी चिकटवून टाकला. पुस्तकात आहे ना, मग झालं! मालकही त्याच्याच बाजूने बोलले.

तिने शेवटची सोळा पानं उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि पुस्तक सरांपुढे आपटलं.

"अर्थ इथे छापलाय. वाचा."

सरांनी वाचलं. मग हळू आवाजात मराठीत सांगितलं, "छापखान्यात खिळ्यांचं पान लोखंडी चौकटीत आवळायची पाचर."

"तीस वर्षं ठोकलीय मी ती."

"अहो, मग आधीच सांगायचं ना!" सर मोकळं हसले. "शाबास!"

नकारापेक्षा ती शाबासकी तिला जास्त झोंबली.

"शाबासकी राहू द्या. पाच गुण लिहा."

सरांनी फळ्यावर लिहिले. काका उठले, म्हणाले, "जिंकलात हो बाई. दोन गुणांनी." दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने पिशवीतून चार घड्यांचा कागद काढून टेबलावर पसरला.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"तुम्ही खोडलेले अकरा. एकेक काढा."

"आता कशाला? स्पर्धेला तुम्हीच जाणार आहात."

"पुस्तकात आहेत ते. मी घातलेत."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. भाचीने खुर्ची पुढे सरकवली. "मावशी, बस गं आता."

"तू बस."

तिने कागद उचलला आणि पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठ्याने वाचलं. सरांनी पुस्तक पुन्हा उघडलं.