बंद पुळणीवरच्या तिसऱ्या

आई आणि मी मॉंक्टनला विमानातून उतरलो, भाड्याची गाडी घेतली आणि कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंडला नेणाऱ्या लांबलचक पुलावर चढलो. "आता दोन्ही बाजूंना नुसता समुद्र," असं मी आईला ग्वेल्फच्या आमच्या घरापासून सांगत आले होते. प्रत्यक्षात पुलाला दोन्हीकडून सिमेंटच्या भिंती निघाल्या आणि गाडीत बसून दिसलं ते फक्त आभाळ.

"ह्यां पण बरां आसा," आई म्हणाली. हल्ली तिला सगळंच बरं असायचं.

आई वेंगुर्ल्याची. गेल्या वर्षी बाबा गेले आणि तिने मासे सोडले. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहूनच. मग हळूहळू बोलणंही कमी झालं. उन्हाळाभर माझ्याकडे राहून ती आता परत निघाली होती, आणि "माका परत बोलवू नको गो" असं दोनदा बजावून झालं होतं. ती जगण्यातूनच हात काढून घेते आहे, अशी मला धास्ती होती. म्हणून हा समुद्राचा घाट. नवरा म्हणाला, बेटावर बटाटेच जास्त बघाल. तेही खरं निघालं. लाल मातीची शेतं संपता संपत नव्हती.

पहिल्या दिवशी एका धक्क्यावर मी शिंपल्यांचं दाट, दुधाळ सूप मागवलं. आईने ब्रेड आणि उकडलेला बटाटा खाल्ला. माझं सूप संपेपर्यंत ती खिडकीबाहेरच्या बोटी बघत होती.

दुसऱ्या दिवशी एका खाडीपाशी गाडी लावली. पार्किंगमध्ये भलामोठा फलक होता. मला वॉशरूमची घाई होती, त्यामुळे तो काही मी वाचला नाही. परत आले तर आई गाडीत नाही. ओहोटी लागली होती. दूरवर, ओल्या तांबड्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) साडी वर खोचून ती उकिडवी बसली होती आणि दोन्ही हातांनी वाळू उकरत होती.

"अगो, ये बेगीन! तिसऱ्यो!" ती ओरडली. "पानी उडवतत बघ!"

आमच्याकडच्या तिसऱ्यांपेक्षा (शिंपल्यांपेक्षा) त्या चांगल्याच मोठ्या होत्या. आमच्या किनाऱ्यावर ओहोटीला कुणीही जावं आणि वेचून आणावं, त्यात विचारायचं काय? वाणसामानाची पिशवी अर्धी भरली होती. आई हसत होती. किती महिन्यांनी! मीही पँट दुमडून बसले.

तेवढ्यात गमबूट घातलेली, साठीची एक बाई आमच्याकडे चालत आली. नाव मॉली. किनाऱ्यावर लक्ष ठेवणाऱ्या गावकऱ्यांपैकी एक. "सॉरी, डिअर," ती मला म्हणाली, "हा पट्टा बंद आहे. फार उपसा झाला होता, आता पिल्लं वाढू देतोय. सगळ्या परत ठेवाव्या लागतील."

माझे कान तापले. फलक न वाचल्याची लाज होतीच, पण आईचा चेहरा आता पुन्हा मिटणार, याचा राग जास्त होता. एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर एका म्हातारीच्या पिशवीने काय बिघडणार होतं? तसं बोलणारही होते. पण आधी आईला मॉलीचं म्हणणं समजावून सांगितलं.

आई जराही हिरमुसली नाही. "मगे बरोबर आसा तिचा. पावसात आमी तरी दर्यात जातंव काय? नारळी पुनवेपर्यंत बंदच ना!" आणि तिने पिशवी वाळूवर उपडी केली.

"नो, नो!" मॉली गुडघ्यांवर बसली. अशा वर टाकल्या तर समुद्रपक्षी खाऊन टाकतात. पाणी उडवतात त्या नळीचं तोंड वर ठेवून एकेक पुरायची. तिने करून दाखवलं, आईने तसंच केलं. एकीला मराठी येत नव्हती, एकीला इंग्रजी. भात लावणाऱ्या बायांसारख्या दोघी शेजारी शेजारी सरकत होत्या. माझी एक तिसरी उलटी गेली, तेव्हा दोघींनी मिळून मला झापलं.

सगळ्या पुरून झाल्यावर आई हात धूत म्हणाली, "इचार तिका, फुडल्या वर्साक उघडतला काय?"

मॉलीने खांदे उडवले. वसंतात पाहणी होईल, पिल्लं वाढली असतील तर उघडेल.

ग्वेल्फला परतलो आणि ठरल्या दिवशी आई वेंगुर्ल्याला गेली. मासे अजून खात नाही. प्रवासाने माणूस बदलतो वगैरे मी लिहिणार नाही. बेटावरून आम्ही आणलं ते फक्त साडीच्या काठातली लाल रेती. पण दर रविवारी फोनवर स्वतःची तब्येत सांगायच्या आधी ती विचारते, "उघडला काय गो?" बाहेर बर्फ शोव्हल करून दमलेली मी सांगते, "आई, वसंतात कळेल."

"बरां तर," ती म्हणते, "तोवर थांबतंय मी."