मदतीला धावून येणारी माणसं

व्हीलचेअरवरच्या, न दिसणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या पाहुण्यांना सातारा-सांगली फिरवून दाखवायचं काम मी सुरू केलं, तेव्हा वाटलं होतं की आपलं भांडण पायऱ्यांशी होणार. पायऱ्या बिचाऱ्या आपल्या जागेवर असतात हो! वैताग आणतात ती मदतीला धावून येणारी माणसं. त्यांचे किस्से आता इतके साठलेत, की मी घरात पाऊल टाकलं की नवरा विचारतो, "आज कुणाला उचललं?"

आमची गाडी एकच, मागून खुर्ची चढेल अशी फळी बसवून घेतलेली. नियमही एकच, पाहुण्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. हा नियम मुळात सुमनताईंचा. ताई साताऱ्यात शिक्षिका होत्या, माहेर सांगलीचं. मणक्याला मार बसल्यापासून अकरा वर्षं खुर्चीत. पहिल्याच फोनवर म्हणाल्या, "मला सांगलीच्या घाटावर न्या, कृष्णेच्या पाण्यात हात घालायचाय. पायऱ्या आहेत, उचलावं लागणार, ठाऊक आहे मला. फक्त उचलायच्या आधी मला विचारा. अकरा वर्षांत एकानेही विचारलेलं नाही." मी मोठ्या तोंडाने हो म्हणून बसले.

आमचे ड्रायव्हर महिपतमामा. नियम त्यांना पाठ आहे, पण फौजेत अँब्युलन्स चालवलेला माणूस! खुर्ची जरा अडली की "एक, दो, तीन" म्हणून उचलून मोकळे. मी चिडले तर म्हणतात, "जखमी मानसाला इचारत बसायचं व्हय?" आपल्या गाडीत जखमी कुणी नसतं, हे मी त्यांना आठवड्यातून एकदा तरी सांगते.

*

काळे सरांना अजिबात दिसत नाही. त्यांना घेऊन एका वस्तुसंग्रहालयात गेलो. अंगणात तोफ. सर म्हणाले, जरा हात फिरवून बघतो. तिथला माणूस धावत आला आणि 'हात लावू नये' ही पाटी मोठ्याने वाचून दाखवली, तीही सरांना नाही, मला! दहा मिनिटं मी वाद घातला. शेवटी सरच हळूच म्हणाले, "बाई, तोफेवर कुणी बसलंय का? हसण्याचा आवाज वरून येतोय."

सहलीची चार पोरं तोफेवर घोडा घोडा करत बसली होती. मी बोट दाखवल्यावर तो माणूस म्हणाला, "पोरं हायत वो ती. ह्यास्नी काय लागलं-बिगलं तर?" सर तोफेपासून हातभर लांब, जमिनीवर उभे होते.

*

एक कर्णबधिर जोडपं आलं होतं. संग्रहालयाच्या भिंतीवर 'शांतता राखा' लिहिलेलं, आणि ती पाटी इतक्या मनापासून पाळणारे पाहुणे त्या हॉलने प्रथमच पाहिले असावेत. पहारेकरी माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "भांडान झालंय का दोघांचं?" मी सांगितलं, त्यांना ऐकू येत नाही.

झालं! त्यांच्यापुढे उभं राहून त्याने सगळा इतिहास असा ओरडून सांगितला, की बाहेरची माणसं आत डोकावली. त्या जोडप्यातल्या नवऱ्याने मला खुणेने विचारलं, हा एवढा चिडलाय कशाने?

*

एका ठिकाणी फोन करून दोनदा विचारलं, रॅम्प आहे ना? आहे म्हणाले. जाऊन बघते तर रॅम्प खरंच होता, आणि त्यावर सहा मोटारसायकली लावलेल्या. कारण विचारलं तर उत्तर तयार. "पायऱ्यांवरनं गाडी चढत न्हाई न्हवं."

तिथेच व्हीलचेअरवाल्यांसाठी वेगळं टॉयलेटही होतं. त्याला कुलूप, आणि चावीवाला लग्नाला खंडाळ्याला गेलेला. कुलूप कशाला लावता, विचारलं. म्हणाले, "कुनी वापरू नये म्हनून."

*

सुमनताईंना घेऊन सांगलीला पहिल्यांदा गेलो, तर नदीचं पाणी चढलेलं. घाट बंद. तो राग कुणावर काढणार?

दुसऱ्या खेपेला पाणी उतरलं होतं. गाडीची फळी खाली टेकली न टेकली तोच आठ-दहा माणसं जमली. मला काही बोलायला सवडच मिळाली नाही. "आवं सरका, सरका" करत त्यांनी ताईंना खुर्चीसकट गुळाच्या ढेपेसारखं उचललं. पुढच्या चाकाला कोण? आमचे मामा! "एक, दो, तीन!" ताई म्हणत होत्या, "अहो, थांबा, मला..." पण ऐकतो कोण?

त्यांनी ताईंना नेलं ते थेट देवळात. खुर्चीतली बाई नदीवर कशाला येईल, नवसालाच आली असणार, हे त्यांचं ठरलेलंच. नारळ फोडला, कपाळाला अंगारा लावला, हातावर खोबरं ठेवलं. लोकं इतकी खूश झाली की पाण्याचं नाव काढायची ताईंना चोरी झाली. नदी सगळा वेळ पाठीमागेच होती.

परतताना उंब्रजला चहाला थांबलो, तेव्हा ताई म्हणाल्या, "मामा, तुम्ही तरी विचारायचं होतंत." मामांनी चहा तसाच ठेवला. मला इतकी लाज वाटली की त्या दिवसाचे पैसे मी घेतले नाहीत.

*

गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा गेलो. मुद्दाम मंगळवारची टळटळीत दुपार निवडली. धुणं धुणाऱ्या दोघी बायका सोडल्या तर घाटावर कुणी नव्हतं. खुर्ची वरच्या पायरीशी थांबली. मामा सवयीने वाकले, चाकाला हात घातला. मी ओरडणार, तेवढ्यात ते आपले आपणच सरळ झाले आणि खुर्चीसमोर येऊन उभे राहिले.

"ताई, उचलू का?"

ताईंनी आधी पाण्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नको."

मी कपाळावर हात मारला. तीन खेपा, दर खेपेला येऊन-जाऊन अडीचशे किलोमीटर, आणि नको? मामा मात्र "बरं" म्हणून दोन पावलं मागे सरकले. ताईंचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या.

"परत विचारा," त्या म्हणाल्या.

"उचलू का?"

"नको."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मला काय कळणार होतं? मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, तापलेल्या पायरीवर ताईंच्या चाकाशेजारी ऐसपैस बसले आणि म्हणाले, "ताई, अजून एकदा इचारू का?"